रकाना नऊ : फेज

माणूस गेला की त्याचे कपडे कोणाला द्यायचे, चष्म्याचं काय करायचं, हे सांगायला चार माणसं येतात. त्याच्या आवाजाचं काय करायचं हे मात्र कोणी सांगत नसे. ही गैरसोय ध्यानात घेऊन शासनाने नागरिक ध्वनिसुधार केंद्र उघडलं. तिथे दिवंगत व्यक्तीचा आवाज अर्जासोबत जमा केला की तो स्वच्छ करून परत मिळे. सेवा विनामूल्य होती, आणि विनामूल्य सेवेत असतो तेवढा सगळा त्रास तिच्यात होता.

वायरमन तिथे गेला तो बायकोच्या आवाजासाठी. एकतीस वर्षं लोकांच्या भिंतींतून तारा ओढलेला माणूस. बायको जाऊन सात महिने झाले होते. मागे तिचा फोन राहिला होता आणि फोनमध्ये अकरा सेकंद. बहिणीला निरोप पाठवायचा म्हणून तिने बटण दाबलं होतं, आणि मग निरोप राहिला बाजूला, नवऱ्याशीच बोलत बसली होती.

"अहो, मेन बंद केलात का?"

"हं."

"आणि त्या पंख्याचं बघा जरा. दोन महिने झाले घरघरतोय. ऐकताय ना?"

"हं."

एवढंच. दोन्ही 'हं' वायरमनचे. त्या वेळी तो स्वयंपाकघरातल्या बोर्डाचं बटण बदलत होता. बोर्डाला हात लावण्याआधी मेन बंद करायचा, ही शिस्त त्याची नव्हती, तिची होती. ती एकतीस वर्षं विचारत आली आणि तो एकतीस वर्षं 'हं' म्हणत आला. त्या दिवशीही मेन चालूच होता. पंखा घरघरत होता म्हणजे घरात वीज होती, हे तिलाही कळत होतंच. तरी तिने विचारलं, आणि तरी तो 'हं' म्हणाला.

हा पंखा सबंध अकरा सेकंद तिच्या बोलण्यावर बसलेला होता. लोकांचे पंखे दुरुस्त करत हिंडणाऱ्या माणसाच्या घरचा पंखा. दहा मिनिटांचं काम होतं. आता तो रोज फोन कानाला लावायचा आणि रोज तिच्या आणि त्याच्या मध्ये पंखा यायचा. 'बघा जरा'मधला 'जरा' तर ऐकूच येत नसे, आठवून घ्यावा लागे. पंखा निघावा आणि ती राहावी, एवढीच त्याची मागणी होती. मागणी इतकी साधी होती की केंद्राच्या कोणत्याही रकान्यात ती बसली नाही.

खिडकीवरच्या बाईंनी चार पानी अर्ज पुढे सरकवला.

"आवाजाची मालकीण स्वतः आलीय का?"

"बाई, ती गेली."

"ते नियमाने विचारावं लागतं. शाईच्या पेनाने भरा. खाडाखोड चालत नाही."

वायरमनने अर्ज भरायला घेतला. 'ध्वनीचा स्वभाव', 'अपेक्षित परिणामाचे स्वरूप', 'अर्जदाराचा ध्वनीशी संबंध'. पहिले आठ रकाने त्याने परीक्षेला बसल्यासारखे अंदाजाने भरले. नववा रकाना आला आणि त्याला बरं वाटलं. तिथे लिहिलं होतं, 'फेज'. अख्ख्या अर्जात स्वतःहून कळलेला हा एकच रकाना. स्टुडिओ म्हणजे मोठी यंत्रं असणार, सिंगल फेजवर लोड ओढणार नाही, असा विचार करून त्याने ठळक अक्षरांत 'थ्री' लिहिलं आणि खाली रेघ मारली.

"थ्री?" बाईंनी चष्मा वर केला. "बघा बरं. लोक एक घेताना चारदा विचार करतात."

"लोक घेतात आणि मग तारा जाळतात. लोड असला की थ्रीच लागते, बाई. जन्म गेला यात."

बाईंनी आदराने 'अर्जदारास विषयाचे विशेष ज्ञान' या रकान्यात 'आहे' अशी खूण केली. मग फोन मागितला.

"मूळ प्रत जमा. काम झालं की मूळ पुसण्यात येईल."

"पुसणार? का?"

"एकाच माणसाचे दोन आवाज फिरायला लागले की खरा कोणता, हा संभ्रम होतो. कलम चौदा. इथे सही."

परत मिळेल तो स्वच्छ आवाज असेल, मग घरघरीचा जपून काय करायचं, असं म्हणून वायरमनने सही केली. फोन पाकिटात गेला, पाकिटावर लाख गेली आणि बाई जेवायला गेल्या.

घरी मेहुणी वाट बघत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरी आल्यावरही थांबत नसे.

"भावोजी, कॉपी काढून ठेवलीत ना?"

वायरमन चपला काढत राहिला.

"लोकांना सांगत फिरता, फ्यूजची तार जादाची ठेवा, बल्ब जादाचा ठेवा. आणि ताईचा आवाज एकच होता तो लाख लावून देऊन आलात?"

"स्वच्छ करून देणार आहेत."

"तुम्हीही पंखा दुरुस्त करून देणार होतात," मेहुणी म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. दोघं गेली. स्टुडिओच्या भिंतींना खडबडीत फोम चिकटवलेला होता. आत बोललं की आपलाच आवाज तोंडातून बाहेर पडल्या पडल्या खाली पडायचा. वायरमनने सवयीने आधी बोर्ड कुठे आहे ते पाहून घेतलं. खुर्चीत एक पोक्त गृहस्थ बसला होता. त्याच्या कानांवरचे हेडफोन जेवतानाही निघत नसत, म्हणून सगळं केंद्र त्याला कानटोपी म्हणायचं.

"थ्री फेजवाले तुम्हीच का?" कानटोपीने उठून हात मिळवला. "मानलं, काका. अकरा वर्षांत कोणी मागितलं नव्हतं. आमच्या साहेबांना तुमचा अर्ज फ्रेम करून लावायचाय."

"यंत्र कुठंय?"

"हे काय. फेजर. प्लग-इन आहे."

वायरमन वाकून टेबलाखाली पाहू लागला.

"काय शोधताय?"

"प्लग. पिना किती आहेत? तीन पिनांचाच आहे ना? अर्थिंग बघून घ्या."

"काका, तो पडद्यावर आहे."

पडद्यावर एका डब्याचं चित्र होतं. डब्याला चार नॉब होते, कोपऱ्यांत चार स्क्रू होते आणि एका कडेचा रंगही थोडा उडालेला होता.

"चित्रात स्क्रू कशाला काढलेत?" वायरमनने विचारलं. "खोलायचा तर नाही ना हा?"

"त्याने फील येतो."

"आणि रंग का उडालाय?"

"त्याने जास्त फील येतो."

मग कानटोपीने फेजर समजावून दिला. आवाज आत गेला की त्याचे दोन होतात. एक आहे तसा चालतो, दुसरा थोडा मागेपुढे सरकवतात, आणि पुन्हा दोघांना एकत्र करतात. दोघं जिथे जुळतात तिथे आवाज फुगतो, जिथे एकमेकांना आडवे येतात तिथे तेवढा तुकडा गळून जातो. हे जुळणं आणि गळणं गोल गोल फिरत राहतं आणि आवाज भोवऱ्यासारखा घुमतो.

"म्हणजे आवाज स्वतःशीच भांडतो, आणि थोडा थोडा मरतो," वायरमन म्हणाला.

"किती सुंदर बोललात!" कानटोपीने ते लिहून घेतलं.

"पण कशाला?"

हा प्रश्न कानटोपीला कोणी विचारला नसावा. तो जरा गडबडला. "असं बघा, नुसता आवाज आता कोण ऐकतं? उघडा वाटतो. अंगात काही न घालता पाहुण्यांसमोर आल्यासारखा. हल्ली बारशाच्या आमंत्रणालासुद्धा फेजर लावतात. शिवाय केंद्राने तो घेतलाय म्हटल्यावर वापर दाखवावा लागतो. दर तिमाहीला तक्ता जातो."

"आणि हा नॉब?" मेहुणीने चौथ्याकडे बोट केलं. त्याच्या एका टोकाला 'सुका' लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला 'ओला'.

"सुका म्हणजे मूळचा आवाज. ओला म्हणजे फेजरमधून आलेला. किती कुठला ठेवायचा ते इथे ठरतं."

"असं आम्ही घरी कचऱ्याचं करतो."

"तसंच समजा. फक्त इथे सुका टाकून देतात."

त्याने नॉब पार ओल्यावर नेला आणि बटण दाबलं. खोलीत वायरमनची बायको बोलू लागली. "अऽऽहोऽ, मेऽऽन बंऽद केऽऽलात काऽऽ." शब्द एका कानातून दुसऱ्या कानात घसरत होते, मध्येच बुडत होते, वर येऊन श्वास घेत होते. मग वायरमनचा 'हं' आला. तो अगदी जसाच्या तसा, कोरडा ठणठणीत. आणि खाली पंखा घरघरतच होता.

मेहुणीने पदर तोंडाला लावला. "ताई टाकीत पडल्यासारखी वाटतेय."

"तेच तर! याला खोली म्हणतात."

"खोली टाकीलाही असते."

"पंखा कधी काढणार?" वायरमनने विचारलं.

"पंखा? त्याला नमुना सात लागतो. तुम्ही नमुना चार भरलाय, आणि त्यात फेज मागितलीय."

"आणि माझं 'हं' का नाही घुमलं?"

"तुम्ही हयात आहात ना, काका. हयात व्यक्तीच्या आवाजाला आम्ही हात लावत नाही. दिवंगतांची हरकत येत नाही, हयातांची येते. बरं, ही एक झाली. अजून दोन आहेत."

"नको. आहे तेवढंसुद्धा काढा. माझी चूक झाली, मला वाटलं विजेची फेज विचारताय."

कानटोपी हसला. 'विशेष ज्ञान आहे' ही खूण त्याच्यासमोरच होती. थोर माणसं अशीच साधी बोलतात, असं काहीसं पुटपुटून त्याने त्यांना खिडकीकडे पाठवलं.

खिडकीवरच्या बाईंनी दुरुस्तीचा नियम काढला. दिलेला आवाज सुधारणेच्या टप्प्यात असताना अर्जातला मजकूर बदलायचा असेल तर आवाजाच्या मालकाची सही लागते.

"बाई, मालकीण गेलीय म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मग तुम्ही आधी यायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी कळकळ होती. "सही नसेल तर मालकिणीचं म्हणणं कुठे नोंदलेलं असलं तरी चालतं. साहेबांना भेटा."

साहेब सुसंस्कृत होते. भिंतीवर त्यांची प्रशस्तिपत्रं होती, टेबलावर फाइल होती. त्यांनी केंद्रातला एकही आवाज आजवर ऐकला नव्हता. फाइल ही वाचण्याची गोष्ट आहे, ऐकण्याची नव्हे, असं त्यांचं मत होतं. अकरा सेकंदांचं टंकलिखित त्यांच्यासमोर होतं.

"दिवंगत बाईंनी फेज नको असं कुठे म्हटलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

"तिला फेजर म्हणजे काय ते माहीतसुद्धा नव्हतं, साहेब."

"म्हणजे हरकत नव्हती." साहेबांनी पान उलटलं. "त्यांची इच्छा मात्र नोंदलेली आहे. 'त्या पंख्याचं बघा जरा.' पुढे, 'दोन महिने झाले', म्हणजे विलंबाबद्दल नाराजीही नोंदवलेली आहे. आणि याकडे आमच्या लोकांनी दुर्लक्ष केलं! पंखा नुसता मागे पडून आहे."

"ती पंखा दुरुस्त करा म्हणत होती."

"'दुरुस्त' शब्द नाही इथे. 'बघा' आहे. केंद्राने बघितलंच पाहिजे." साहेबांनी हिरव्या शाईने शेरा मारला, 'पंख्याकडे प्राधान्याने लक्ष द्यावे. तीनही फेज अर्जाप्रमाणे.' "आणि एक. त्यांनी मेनबद्दल विचारणा केली आणि आपण तो बंद केल्याचं कळवलंत. नोंदीत आम्ही 'होय' केलंय. बरोबर आहे ना?"

बायको गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी वायरमनला तो प्रश्न सरळ विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

"बरोबर आहे ना?"

"हं," वायरमन म्हणाला.

महिन्याभराने प्रमाणपत्र आलं. 'सदर दिवंगत व्यक्तीच्या आवाजात कोणताही दोष आढळून आला नाही.' दोघं धावत स्टुडिओत गेली. कानटोपीने दिवे मंद केले, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. असा पंखा त्या दोघांनी कधी ऐकला नव्हता. प्रत्येक पातं वेगळं ऐकू येत होतं, कुरकुरणारं बेअरिंग कुठल्या बाजूला आहे ते सांगता आलं असतं. दोन सेकंद पंखा. मग "हं." मग बराच वेळ पंखा. मग "हं." संपलं.

"ताई कुठंय?" मेहुणी म्हणाली.

"आहेत की. पहिल्या दोन फेजरनी आवाज फिरवत नेला, तिसऱ्याने बरोबर उलटा केला. आता मूळ आणि उलटा समोरासमोर उभे आहेत. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर बाई इथे दोनदा आहेत."

"मी गणित शिकवते. पाचातून पाच गेले की काय उरतं?"

"स्पेस," कानटोपी भारावून म्हणाला.

"फोन द्या माझ्या बहिणीचा."

फोन मिळाला. आतला आवाज त्याच सकाळी कलम चौदाप्रमाणे पुसण्यात आला होता. केंद्रात वेळेवर झालेलं हे एकच काम.

वायरमनने फोन हातात धरला, कानाला लावला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि खिशात टाकला. बाहेर आल्यावर मेहुणी म्हणाली, "भावोजी, भांडा ना त्यांच्याशी." तो म्हणाला, "काय म्हणून? त्यांनी लिहिल्याप्रमाणे केलं."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण केंद्राचा वार्षिक श्रवण समारंभ होता आणि त्यात वर्षातला सर्वोत्तम आवाज म्हणून वायरमनच्या बायकोची निवड झाली. भरदुपारचा कार्यक्रम, मोठं सभागृह, खिडक्यांना जाड काळे पडदे. शहरातली जाणती मंडळी आली होती. न ऐकू येणाऱ्या गोष्टी ऐकू येतात म्हणून ज्यांना पहिल्या रांगेत बसवतात, ती सगळी. वायरमनला आणि मेहुणीला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. आत शिरताना वायरमनने बोर्ड पाहून ठेवला. मंचाच्या डाव्या हाताला, लाकडी कपाटात, कुलूप नव्हतं.

साहेबांनी प्रास्ताविक केलं. दिवंगत व्यक्तीच्या शेवटच्या इच्छेचा असा सन्मान देशात प्रथमच होत आहे, असं ते म्हणाले. मग दहा माणसांच्या उंचीच्या स्पीकरमधून पंखा सुरू झाला. खुर्च्या थरथरल्या. पहिल्या रांगेने डोळे मिटले. "हं," वायरमनचा आवाज छताला जाऊन आदळला. कोणीतरी हुंदका दिला.

"ऐकलात तो श्वास?" एक समीक्षक शेजाऱ्याला म्हणाले. "पंख्याच्या मागे. बाई श्वास घेतायत."

शेजाऱ्याला तो लगेच ऐकू आला. मग त्याच्या शेजाऱ्यालाही. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत बाई गाऊ लागल्या होत्या. मागे एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, किती आर्त आहे, नाही?"

"हं," नवरा म्हणाला. तो फोनमध्ये काहीतरी बघत होता.

लोकांनी पुन्हा ऐकवायची मागणी केली. पुन्हा पंखा सुरू झाला. वायरमन उठला. तो मूत्रविसर्जनाला चालला असावा अशा समजुतीने लोकांनी पाय आखडून वाट दिली. मेहुणीने ओळखलं. तिने अडवलं नाही.

कपाट उघडायला वेळ लागला नाही. त्याने उजवा हात पुढे केला आणि खटका खाली ओढला.

दिवे गेले. स्पीकर गेले. भिंतीतले, छतातले, न दिसणारे सगळे पंखे फिरत फिरत सावकाश थांबले. इतका अंधार आणि इतकी शांतता त्या सभागृहात कधी झाली नव्हती.

"केला गं," वायरमन म्हणाला. माइक नव्हता, तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. "मेन बंद केला."

तो तिथेच उभा राहिला. आता ती पंख्याचा विषय काढेल, असं त्याला वाटत असावं.

पहिल्या रांगेतून एक टाळी आली, आणि मग सगळं सभागृह उभं राहून अंधारात टाळ्या वाजवू लागलं. असा शेवट कोणी कधी केला नव्हता. लोकांनी चाचपडत येऊन साहेबांशी हात मिळवले. कानटोपी रडत होता. मेहुणी तेवढी खुर्चीत बसून होती. तिचे हात मांडीवर होते.

केंद्राने या यशाची दखल घेतली. अर्जात आता दहावा रकाना आहे, 'अंधार हवा का'. नववा होता तसाच आहे. रांग दाराबाहेर गेली आहे. थ्रीच्या खाली कोणी मागत नाही. वायरमनने घरचा पंखा उतरवला, बेअरिंग बदललं, पुन्हा चढवला. आता तो मुळीच वाजत नाही. घरात काहीच वाजत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही नसत्या वाजवल्या टाळ्या. शक्य आहे. तुम्ही हे सगळं लक्ष देऊन वाचलंत, याबद्दल आभार. वाचताना मध्येच आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते तुम्हाला आता सांगता येणार नाही, पण तुम्ही 'हं' म्हणालात. त्याची काळजी करू नका. हयात व्यक्तीच्या आवाजाला केंद्र हात लावत नाही. तुमचं 'हं' जसंच्या तसं राहील.